अमेरिकेतील हायवे पेट्रोल आणि अटकेनंतरची प्रक्रिया : नव्याने आलेल्यांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेत नव्याने राहायला आलेल्या माणसाचा पोलिसांशी पहिला संबंध बहुधा महामार्गावरच येतो, कारण मोजकी मोठी शहरे सोडली तर गाडीशिवाय येथे दैनंदिन व्यवहार चालत नाहीत. गाडी थांबवली गेली तर काय करावे, प्रकरण अटकेपर्यंत गेले तर पुढे कोणत्या क्रमाने काय घडते आणि घरच्यांनी नेमका कुठे शोध घ्यावा, याची माहिती आधीच असली तर पुढचे मोठे नुकसान टळते. एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की लक्षात ठेवावी. रस्त्याच्या कडेला पोलिसाशी वाद घालून कोणाचाही फायदा होत नाही. आपली बाजू मांडण्याची जागा न्यायालय आहे आणि कडेला उभे असताना जे बोलले जाते ते त्याच न्यायालयात आपल्याविरुद्ध वापरले जाऊ शकते.

हे पोलीस नेमके कोण

महामार्गांवर गस्त घालणारे केंद्र सरकारचे वेगळे पोलीस दल अमेरिकेत नाही. इंटरस्टेट महामार्ग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात, पण त्यांच्यावरची गस्त ज्या त्या राज्याचे दल घालते, आणि म्हणून राज्याची सीमा ओलांडली की दल बदलते, कायदा बदलतो आणि दंडही बदलतो. कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलची स्थापना १९२९ मध्ये झाली, फ्लोरिडा हायवे पेट्रोलची १९३९ मध्ये. टेक्सासमध्ये हायवे पेट्रोल हा राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाचा भाग आहे. पेनसिल्व्हेनियात १९०५ पासून असलेले स्टेट पोलीस दल वाहतुकीबरोबर इतर गुन्ह्यांचाही तपास करते. दलाच्या नावात ‘हायवे पेट्रोल’ असो वा ‘स्टेट पोलीस’, त्यातील अधिकाऱ्याला अटकेचा अधिकार असतो, त्यामुळे ‘हे फक्त ट्रॅफिकवाले आहेत’ अशी समजूत ठेवू नये. बहुतेक राज्यांत या अधिकाऱ्याला ट्रूपर म्हणतात, कॅलिफोर्नियात ऑफिसर. संबोधताना कुठेही ‘ऑफिसर’ म्हटलेले चालते. त्याच रस्त्यावर शहराचे पोलीस किंवा कौंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) शेरीफचे, म्हणजे तेथील पोलीसप्रमुखाचे, डेप्युटीसुद्धा गाडी थांबवू शकतात.

त्यांचे काम वेगमर्यादेपुरते नसते. अपघाताचा पंचनामा आणि अहवाल तयार करणे, बंद पडलेल्या गाडीतील लोकांना सुरक्षित ठिकाणी नेणे, ट्रकचे वजन व ब्रेक तपासणे, बर्फ किंवा धुक्यात रस्ता बंद करणे, चोरीच्या गाड्या शोधणे आणि अनेक राज्यांत गव्हर्नरच्या सुरक्षेची व्यवस्था पाहणे ही सारी कामे याच दलांकडे असतात. काही राज्यांत वेग विमानातूनही मोजला जातो. रस्त्यावर ठरावीक अंतराने रंगवलेले आडवे पांढरे पट्टे दिसतात. एका पट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचायला गाडीला लागलेला वेळ वरून मोजतात आणि पुढे उभ्या असलेल्या ट्रूपरला गाडीचे वर्णन कळवतात. अपघातात सापडल्यास अहवालाचा क्रमांक घटनास्थळीच मागून घ्यावा, कारण विमा कंपनी तो पहिल्याच फोनवर विचारते.

आणखी एक नियम नवख्यांना सहसा माहीत नसतो. दिवे लावून कडेला उभ्या असलेल्या पोलीस, रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दलाच्या गाडीजवळून जाताना शेजारची लेन रिकामी करावी आणि ते शक्य नसेल तर वेग कमी करावा, असा कायदा पन्नासही राज्यांत आहे. अटक वगैरे दूरची गोष्ट झाली. कडेला काम करणाऱ्या माणसाचा जीव या नियमावर अवलंबून असतो, म्हणून तो मनापासून पाळावा.

पहिली पायरी : मागे दिवे दिसल्यावर

इंडिकेटर द्यावा, वेग हळूहळू कमी करावा आणि उजव्या कडेला, शक्य तितके आत, गाडी उभी करावी. रात्र असेल किंवा कडेला जागा नसेल तर धोक्याचे दिवे लावून सावकाश पुढच्या उजेडाच्या जागेपर्यंत जाता येते. गाडीवर पोलिसांची खूण नसेल आणि शंका वाटत असेल तर ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करून खात्री करून घ्यावी. गाडी थांबली की इंजिन बंद करावे, रात्री आतला दिवा लावावा, काच खाली करावी आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवावेत.

गाडीतून उतरू नये. भारतात पोलिसाने थांबवले की उतरून त्याच्यापर्यंत चालत जाणे हे साधेपणाचे वागणे समजले जाते. येथे न सांगता उतरणे हा धोक्याचा इशारा मानला जातो आणि अधिकाऱ्याचा हात पिस्तुलाकडे जाऊ शकतो. वाहतुकीपासून वाचण्यासाठी ट्रूपर अनेकदा उजव्या बाजूच्या खिडकीशी येतो, म्हणून ती काचही खाली करावी. कागदपत्रे डॅशबोर्डच्या कप्प्यात असतील तर आधी तसे सांगावे आणि मगच हात हलवावा. याउलट, अधिकाऱ्याने उतरायला सांगितले तर उतरावेच लागते. चालकाबाबत १९७७ मध्ये आणि सोबतच्या प्रवाशांबाबत १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार मान्य केला आहे.

भारतातून आलेले आई-वडील मागे बसलेले असतील तर प्रवासाला निघण्यापूर्वीच त्यांना हे समजावून सांगावे. मुलाला थांबवले म्हणून काळजीने दार उघडणारे वडील आपण डोळ्यांसमोर आणू शकतो, आणि त्यात त्यांची काहीच चूक नसते.

दुसरी पायरी : कागदपत्रे, प्रश्न आणि तिकीट

चालक परवाना, गाडीची नोंदणी आणि विम्याचा पुरावा या तीन गोष्टी दाखवाव्याच लागतात. भारतीय परवान्यावर किती काळ गाडी चालवता येते आणि त्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो का, हे राज्यागणिक वेगळे असल्याने ते राज्याच्या मोटार वाहन विभागाकडून आधीच विचारून घ्यावे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या परदेशी नागरिकाने ग्रीन कार्ड (कायम वास्तव्याचे ओळखपत्र) किंवा आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद) यांसारखा नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा, असा केंद्रीय कायदा आहे. पैसे देऊन मिटवण्याचा विचारही मनात आणू नये; लाच देऊ करणे हा येथे स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा आहे.

‘आपल्याला का थांबवले हे माहीत आहे का?’ हा प्रश्न अनेकदा येतो. त्याचे उत्तर देताना वेगाचा आकडा स्वतःहून सांगणे म्हणजे कबुली देणे होय. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून अधिकाऱ्याने इतर प्रश्न विचारण्यापूर्वी थांबवण्याचे कारण सांगणे बंधनकारक आहे. इतर ठिकाणीही शांतपणे ‘कृपया कारण सांगावे’ असे म्हणता येते. खोटे मात्र बोलू नये. न बोलण्याचा हक्क आपल्याला आहे, खोटे बोलण्याचा नाही.

गाडीची झडती घेऊ का, असे विचारले तर नम्रपणे नकार देता येतो आणि तो देण्यात गुन्हा नाही. संमती दिल्यावर मात्र जे सापडेल त्यावर पुढे आक्षेप घेणे फार अवघड होते. गुन्ह्याचा सबळ संशय असेल, उदाहरणार्थ एखादी बेकायदा वस्तू समोरच दिसत असेल, तर वॉरंटशिवायही गाडी तपासता येते. अशा वेळी ‘माझी संमती नाही’ एवढे स्पष्ट सांगून बाजूला उभे राहावे, अडवू नये. तिकिटाचे, म्हणजे नियमभंगाबद्दल दिल्या जाणाऱ्या लेखी नोटिशीचे, काम संपल्यावर केवळ श्वानपथकाची वाट पाहत गाडी रोखून धरता येत नाही, असा निकाल २०१५ मध्ये झाला आहे. ‘मी जाऊ शकतो का?’ हा प्रश्न अशा वेळी विचारावा.

तिकीट मिळाले तर त्यावर सही करावी. ती गुन्ह्याची कबुली नसते. ठरलेल्या तारखेपर्यंत दंड भरीन किंवा न्यायालयात हजर राहीन, एवढेच ते वचन असते. काही राज्यांत सही नाकारली तर तेवढ्यावरून अटक होऊ शकते. तिकिटावरची तारीख ही या संपूर्ण पायरीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. घर बदलले, पत्र जुन्या पत्त्यावर गेले, तारीख निघून गेली, न्यायालयाने वॉरंट काढले, परवाना निलंबित झाला, आणि काही महिन्यांनी मागचा दिवा बंद आहे म्हणून गाडी थांबवली तेव्हा ट्रूपरच्या संगणकावर ते वॉरंट दिसले, अशा साखळीतून कोणताही मोठा गुन्हा न करता माणूस बेड्यांपर्यंत पोहोचतो. पत्ता बदलला की तो मोटार वाहन विभागाला कळवावाच, आणि तिकीट प्रलंबित असेल तर न्यायालयालाही.

अटक कोणत्या कारणांनी होते

दारू किंवा अमली पदार्थांच्या अमलाखाली गाडी चालवणे हे महामार्गावरील अटकेचे ठळक कारण आहे. रक्तातील मद्याची मर्यादा जवळजवळ सर्वत्र ०.०८ टक्के आहे, युटामध्ये ०.०५, व्यावसायिक वाहनचालकांसाठी ती ०.०४ आहे आणि एकवीस वर्षांखालील चालकांसाठी सर्वच राज्यांत याहून फार कडक नियम आहेत. संशय आल्यावर अधिकारी डोळ्यांसमोर पेन किंवा बोट फिरवून नजर तपासतो, सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालायला लावतो आणि एका पायावर उभे करतो. अटकेनंतरची श्वासचाचणी ही याहून वेगळी गोष्ट आहे. परवाना घेतानाच या चाचणीला आपण संमती दिली आहे असे कायदा मानतो, त्यामुळे ती नाकारली तर बहुतेक राज्यांत खटल्याचा निकाल काहीही लागो, परवाना निलंबित होतो. रक्त घेण्यासाठी मात्र, आपली संमती नसेल तर, सामान्यतः वॉरंट लागते; हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केला.

वेगामुळेही अटकेची वेळ येऊ शकते. व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा ताशी २० मैलांनी अधिक, किंवा मर्यादा काहीही असली तरी ताशी ८५ मैलांपेक्षा अधिक वेग हा बेदरकार वाहनचालनाचा फौजदारी गुन्हा असून त्यासाठी बारा महिन्यांपर्यंत तुरुंगवास आणि २,५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ताशी ७० मैलांच्या रस्त्यावर ८६ ने जाणाऱ्याला आपण गुन्हा करत आहोत याची कल्पनाही नसते. निलंबित परवान्यावर गाडी चालवणे, अपघातानंतर निघून जाणे, पोलिसांपासून पळणे ही आणखी काही कारणे. टेक्सासमधील सीटबेल्टच्या एका प्रकरणात, ज्या गुन्ह्याला केवळ दंडाची शिक्षा आहे त्यासाठीही अटक करणे घटनाबाह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये म्हटले. प्रत्यक्षात असे क्वचित घडते, पण अधिकार आहे हे ओळखून वागावे.

तिसरी पायरी : अटकेचा क्षण

अटक चुकीची वाटली तरी प्रतिकार करू नये. हात ओढून घेणे एवढ्यानेही वेगळा आरोप लागू शकतो. हात मागे बांधले जातात, अंगाची झडती होते आणि गाडी टोईंग करून यार्डात नेली जाते. तेथे तिचे भाडे दिवसागणिक वाढत जाते, म्हणून सोबत परवानाधारक आणि मद्य न घेतलेली व्यक्ती असेल तर गाडी तिच्या ताब्यात द्यावी अशी विनंती करावी. ती मान्य करणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असते. लहान मूल सोबत असेल तर कोणत्या नातेवाइकाला किंवा मित्राला बोलवायचे ते लगेच सांगावे. नियमित औषधे लागत असतील तर तेही.

चित्रपटांमुळे एक गैरसमज पक्का झाला आहे की अटक करताना हक्क वाचून दाखवले नाहीत तर अटकच रद्द होते. तसे नाही. १९६६ च्या मिरांडा निकालानुसार ही सूचना ताब्यात घेतलेल्या व्यक्तीची चौकशी करण्यापूर्वी द्यावी लागते. ती न देता चौकशी केली तर त्या उत्तरांचा पुरावा म्हणून वापर अडतो, अटक कायम राहते. दुसरे असे की नुसते गप्प बसणे पुरेसे नसते. हक्क वापरत असल्याचे स्पष्ट सांगावे लागते, हे २०१० च्या निकालाने ठरले आहे. म्हणून आपले नाव, पत्ता, जन्मतारीख सांगितल्यानंतर ‘मला वकील हवा आहे आणि तोपर्यंत मी उत्तरे देणार नाही’ हे वाक्य शब्दशः उच्चारावे. त्यानंतर गाडीत सहज म्हणून होणाऱ्या गप्पांतही भाग घेऊ नये, कारण गस्तीच्या गाडीत सहसा कॅमेरा आणि ध्वनिमुद्रण चालू असते. फोन उघडून द्या असे म्हटले तर वॉरंट मागता येते. अटक झालेल्याच्या फोनमधील माहिती तपासण्यासाठी वॉरंट लागते, असा निकाल २०१४ मध्ये झाला.

चौथी पायरी : कौंटी जेल आणि बुकिंग

घरच्यांची सर्वांत जास्त धावपळ येथे होते. हायवे पेट्रोलकडे सहसा स्वतःचे जेल नसते. ज्या कौंटीत अटक झाली तेथील जेलमध्ये नेले जाते आणि ते बहुधा शेरीफच्या अखत्यारीत असते. म्हणून अटक ट्रूपरने केली असली तरी शोध त्या कौंटीच्या शेरीफच्या संकेतस्थळावरील कैद्यांच्या यादीत घ्यावा. नाव दिसायला काही तास लागू शकतात. भारतीय नावांची नोंद उलटसुलट होते, मधले नाव आडनावाच्या जागी जाते, म्हणून नाव वेगवेगळ्या क्रमाने टाकून पाहावे आणि जन्मतारीख हाताशी ठेवावी.

आत ज्या नोंदी होतात त्यांना बुकिंग म्हणतात. छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतले जातात, पाकीट, अंगठी, मंगळसूत्र, पट्टा, फोन अशा वस्तू काढून त्यांची यादी केली जाते, आणि आरोग्याविषयी प्रश्न विचारले जातात. वस्तूंच्या यादीवर सही करण्यापूर्वी ती वाचावी. आरोग्याच्या प्रश्नांची उत्तरे मात्र मोकळेपणाने द्यावीत. मधुमेह किंवा रक्तदाबाची माहिती लपवून काहीच साधत नाही. ठसे एफबीआयकडे जातात आणि तेथून ते गृहसुरक्षा विभागाच्या नोंदींशीही ताडून पाहिले जातात, म्हणजे व्हिसावर असलेल्या व्यक्तीची अटक स्थानिक पातळीवर दडून राहत नाही.

फोन काढून घेतला गेला की त्यातील क्रमांकही जातात, म्हणून घरातील एका व्यक्तीचा क्रमांक पाठ असायलाच हवा. कॅलिफोर्नियात बुकिंगनंतर लगेच, आणि फार तर अटकेपासून तीन तासांत, तीन फोन करू देण्याचा कायदा आहे; इतर राज्यांत नियम वेगळे आहेत. जेलमधील फोन ध्वनिमुद्रित होतात. वकिलाशी होणारे बोलणे सोडले तर ‘मी कुठे आहे, वकील पाहा, मुलांना आणा’ एवढेच बोलावे, घटना सांगू नये; मराठीत बोललो म्हणून ते कोणाला कळणार नाही, असे समजू नये.

भारतीय नागरिकाला आपल्या दूतावासाला कळवण्याची मागणी करता येते. हा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारातून मिळतो, परंतु भारतीयांच्या बाबतीत मागणी केल्यावरच कळवले जाते, म्हणून ती स्वतः करावी. दूतावास वकिलांची यादी देऊ शकतो, भेट घेऊ शकतो; तो सुटका करू शकत नाही.

पाचवी पायरी : जामीन आणि पहिली हजेरी

किरकोळ गुन्ह्यांत अनेकदा लेखी हमीवर सोडतात. अन्यथा ठरावीक तक्त्यानुसार जामिनाची रक्कम सांगितली जाते किंवा न्यायाधीश ती ठरवतात. पूर्ण रक्कम स्वतः न्यायालयात भरली तर सर्व तारखांना हजर राहिल्यावर, काही ठिकाणी शुल्क वजा होऊन, ती परत मिळते. जामीनदार एजंटाकडून घेतली तर साधारण दहा टक्के शुल्क द्यावे लागते आणि ते परत मिळत नाही. इलिनॉयने सप्टेंबर २०२३ पासून रोख जामिनाची पद्धतच बंद केली आहे. याच वेळी घरी फसवे फोन येऊ शकतात. गिफ्ट कार्डाने जामीन भरा असे कोणी सांगितले तर तो भामटाच आहे. जेलच्या अधिकृत क्रमांकावर स्वतः फोन करून रक्कम विचारावी.

वॉरंटशिवाय अटक झाली असेल तर सामान्यतः ४८ तासांच्या आत न्यायिक अधिकाऱ्याने तिला पुरेसे कारण आहे का ते पाहावे लागते, असा १९९१ चा निकाल आहे. फ्लोरिडात कोठडीत असलेल्या व्यक्तीला २४ तासांत न्यायाधीशांसमोर उभे करतात. कॅलिफोर्नियात ४८ तासांत, पण त्यात रविवार व सुट्ट्या धरत नाहीत, म्हणून शुक्रवारी संध्याकाळची अटक लांबते. या हजेरीत आरोप वाचले जातात आणि आरोप मान्य आहे का ते विचारले जाते. वकिलाशी बोलणे झालेले नसताना ‘मान्य आहे’ असे म्हणू नये, दंड कितीही लहान वाटला तरी. वकील परवडत नसेल तर तुरुंगवासाची शक्यता असलेल्या खटल्यात सरकारी खर्चाने पब्लिक डिफेंडर मिळतो; १९६३ मध्ये फ्लोरिडातील एका प्रकरणात हे तत्त्व प्रस्थापित झाले. इंग्रजी समजायला जड जात असेल तर मराठी दुभाषी मागावा. नातेवाइकाने मध्येच भाषांतर करून देण्यापेक्षा ते सुरक्षित असते, कारण कायद्याच्या भाषेत अर्धवट समजलेला एक होकार फार महाग पडतो.

परवान्याचे आणि व्हिसाचे वेगळे घड्याळ

दारूच्या प्रकरणात न्यायालयाशिवाय मोटार वाहन विभागाची कारवाई समांतर चालते आणि तिची मुदत फार लहान असते. निलंबनाविरुद्ध सुनावणी मागण्यासाठी कॅलिफोर्निया व फ्लोरिडात दहा दिवस, टेक्सासमध्ये पंधरा दिवस मिळतात. सुटून आल्यावर माणूस चार दिवस सुन्न असतो आणि त्यातच ही मुदत निघून जाते, म्हणून अटकेच्या वेळी हातात दिलेला पिवळा किंवा गुलाबी कागद घरच्या कोणीतरी त्याच दिवशी वाचून काढावा.

व्हिसाधारकांसाठी दुसरा धोका असा की अमलाखाली गाडी चालवल्याच्या केवळ अटकेवरून, दोष सिद्ध होण्याची वाट न पाहता, परराष्ट्र विभाग व्हिसा रद्द करू शकतो. फौजदारी वकिलाने परदेशी नागरिकाला आरोप मान्य करण्याच्या तडजोडीमुळे देशातून काढले जाण्याच्या धोक्याविषयी सल्ला दिला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले आहे. तरीही आरोप कमी करून घेण्याचा कोणताही प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वी इमिग्रेशनच्या स्वतंत्र वकिलाला तो दाखवावा, आणि निकाल लागेपर्यंत देशाबाहेर जाण्याचे तिकीट त्याला विचारल्याशिवाय काढू नये.

प्रकरण संपले, आरोप मागे घेतले गेले किंवा नोंद पुढे पुसली गेली, तरी व्हिसा आणि नागरिकत्वाच्या अर्जांत ‘कधी अटक झाली आहे का’ हा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर होकारार्थीच द्यावे लागते. त्यासाठी न्यायालयाच्या अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत लागते. काही न्यायालये जुन्या किरकोळ प्रकरणांच्या फायली ठरावीक वर्षांनी नष्ट करतात, म्हणून प्रकरण मिटल्याच्या आठवड्यातच लिपिकाकडून दोन-तीन प्रमाणित प्रती घेऊन पासपोर्टसोबत ठेवाव्यात.